अक्कांना काही करू द्यायचं नाही

३ ऑगस्ट, रविवार

जागा मिळाली! भाडं नाही, जेवण घरचं, वर थोडा पगार. बॅग अजून उघडलेली नाही. मी कुठेच लवकर उघडत नाही.

झालं असं — इथे बंगळुरात, व्हाइटफील्डच्या ज्या नर्सरीत मी रोपांना पाणी घालत होते, तिथे अनुषाताई कुंड्या घ्यायला आल्या. मी फोनवर आईशी भांडत होते, निपाणीच्या मराठीत, मोठ्यानं. त्या थांबल्या, ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "यशवंतपूरला आमच्या सासूबाईंजवळ राहशील का?" मी लगेच हो म्हटलं. नर्सरीचा कंटाळा आलाच होता. त्याआधी एचएसआरच्या पीजीचं रिसेप्शन, त्याआधी गोकर्णचं हॉस्टेल, त्याआधी बी.कॉम.चं दुसरं वर्ष. सगळ्याचाच कंटाळा येऊन झालाय.

घर मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. उशीला कांद्याचा वास, टॉवेलला कांद्याचा वास. पण अंगणात पेरूचं झाड आहे आणि त्यावर पोपट येतात!

अनुषाताईंनी निघताना दारात एकच गोष्ट सांगितली, तीही तीनदा — "अक्कांना काही म्हणजे काही करू द्यायचं नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन द्यायचा."

सरी, बरं, म्हटलं. सोपं काम आहे.

५ ऑगस्ट

अक्का म्हणजे अनुसूयाबाई. मी पहिल्या दिवशी आज्जी म्हटलं तर चिडल्या. "आज्जी कुणाला म्हणतेस गे? सगळा यार्ड मला अक्का म्हणतो!"

त्यांचे लोक इथे शहाजीराजांच्या वेळी आले म्हणे. मराठी बोलतात, पण मध्येच कानडी असं मिसळतात की कुठे शिवण आहे ते कळत नाही. मला बरं वाटतं. आमच्याकडेही तसंच.

एकेकाळी बाई दांडगी होती. परसात उखळ आणि लोखंडी मुसळ अजून आहे. यार्डातल्या ब्याडगी मिरच्या आणून स्वतः कांडायच्या, मसाला विकायच्या. भिंतीवर फोटो आहे — दंड बघावेत! आता त्याच दंडातून बांगड्या पार कोपराच्या वर सरकतात. साखर जुनीच. मे महिन्यात टायफॉइड झाला, दवाखाना झाला, मग घरी आठवडेच्या आठवडे कॉटवर. त्यानंतर एकदा उठायला गेल्या आणि न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दुपारपर्यंत ओल्या फरशीवर पडून होत्या. तेव्हापासून कॉट एके कॉट. संडासाला जायचं तर दोन्ही बाजूंनी धरायचं.

शेजारच्या कौशल्याबाई सकाळी येऊन म्हणाल्या, "किती बारीक झालात हो अक्का! साखर पण उतरली म्हणे. नशीब काढलंत. आणि सून किती करते!"

अक्का हसल्या. पण चेहऱ्यानं नाही, नुसत्या ओठांनी.

६ ऑगस्ट

पोपट चार आहेत. एकाची शेपूट तुटकी.

७ ऑगस्ट

कॉटवरून अक्का आज स्वतःहून बोलल्या. म्हणजे कानात गुपित सांगावं तसं.

दसरा झाला की त्यांना व्हाइटफील्डला नेणार. श्रीहरीअण्णांच्या — म्हणजे त्यांच्या मुलाच्या — फ्लॅटमध्ये एक खोली तयार होतेय. दवाखान्यासारखा वरखाली होणारा पलंग आणलाय, दिवसाची बाई, रात्रीची बाई. हे घर एका कांदेवाल्याला गोडाऊन म्हणून द्यायचं. बोलणंही झालंय.

"श्रीहरी वाईट नाही गे," त्या म्हणाल्या. "म्हणाला, अम्मा, तू आपली आपण उठायला-बसायला लागलीस तर राहा इथे, मी कशाला हलवू? पण परत पडलीस तर मी इथवर पोचेपर्यंत काय होईल? त्याचं चुकलं कुठे? पण चौदाव्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतून लोकांची डोकी मोजू?"

मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी पेरू कापून दिला. तर म्हणाल्या, "पेरूत साखर असते, सून देत नाही." मग मीच खाल्ला.

९ ऑगस्ट

चूक झाली. गॅसवर दूध ठेवलं आणि तुटक्या शेपटीचा पोपट दिसला म्हणून अंगणात गेले. तिथून कौशल्याबाईंच्या गच्चीवर — त्यांच्याकडे पापड वाळत होते — आणि मग गप्पा. परत येते तर अक्का स्वयंपाकघरात! ओट्याला दोन्ही हातांनी धरून, धापा टाकत, गॅस बंद करून उभ्या.

"अक्का! तुम्ही कशा आलात?"

"उडत! दूध जळायलं तर कोण येणार, तुझा पोपट?"

भिंतीला धरून-धरून आल्या होत्या. मला रडू आलं. अनुषाताईंना सांगितलं नाही. अक्कांनीच सांगू दिलं नाही.

१२ ऑगस्ट

फिजिओ आली — स्मृती. श्रीहरीअण्णांनी पाठवलेली, व्हाइटफील्डच्या पलंगाची उंची किती हवी ते बघायला. माझ्याच वयाची असेल, पण चालते अशी की जमीन तिच्या मालकीची. टेप काढून अक्कांची पोटरी मोजली. मग विचारलं, "जेवता काय?"

मी सांगितलं — सकाळी रागीची, म्हणजे नाचणीची, पातळ गंजी, दुपारी छोटा रागी मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, आणि पाण्यासारखं सारू, कारल्याचा रस, काकडी. डाळीनं गॅस होतो म्हणून बंद. शेंगदाणे जड म्हणून बंद. अंडी उष्ण म्हणून बंद. साखर वाढू नये म्हणून सगळंच थोडं-थोडं.

स्मृतीनं कपाळाला हात लावला. "कॉटवर बसवून यांची पूजा करताय का तुम्ही?"

मग ती जे बोलली ते मी आठवेल तसं लिहितेय. वजन उतरलं ते चरबीचं नाही, मांडीचं आणि दंडाचं मांस गेलं. तरुण माणूस आठवडाभर पडून राहिलं तर थोडं जातं आणि परत येतं. म्हाताऱ्या माणसाचं भराभर जातं आणि परत यायला फार वेळ घेतं. त्यात मधुमेह असला की अजूनच वाईट — अंग स्नायू बांधायचं सोडून मोडायच्याच मागे लागतं. "आणि गंमत बघा," ती म्हणाली, "जेवणातली साखर सगळ्यात जास्त खातात ते स्नायूच. ते गेले की साखर रक्तात फिरत बसते. मग तुम्ही जेवण आणखी कमी करता. मग स्नायू आणखी जातात."

"म्हणजे मी पडले ती..." अक्का थांबल्या.

"न्हाणी निसरडी होती म्हणून नाही, अक्का. पायात उठायला काही उरलं नव्हतं म्हणून."

अक्का बराच वेळ आपल्या मांड्यांकडे बघत होत्या. लुगडं सारखं केलं. मग एकदम — "दसऱ्यापर्यंत येईल?"

"सगळं नाही येणार. उठण्यापुरतं... बघू. स्वल्प-स्वल्प करत."

१४ ऑगस्ट

डॉक्टरांनी अक्कांचे किडनीचे रिपोर्ट बघून डाळ, दही, अंडं सगळ्याला हो म्हटलं. आज अंड्याची पोळी केली. अक्कांनी डोळे मिटून खाल्ली. मी कॉटवरच नेऊन देत होते, पण लोणचं विसरले, मीठ विसरले, पाणी विसरले. तीन वेळा आत-बाहेर. चौथ्यांदा अक्काच उठल्या — "अय्यो, तू बस! तुझ्या भरवशावर माझं अंडं थंड होईल!"

१९ ऑगस्ट

व्यायाम असा आहे — खुर्चीवर बसायचं, हात छातीवर बांधायचे, उठायचं. एवढंच. एवढंच! मी करून बघितलं, काही वाटलं नाही. अक्का करायला गेल्या तर मांड्या थरथरायला लागल्या, ओठ पांढरे झाले, पण खुर्ची काही सुटेना. शेवटी हाताचा रेटा देऊन उठल्या आणि त्या खुर्चीला कानडीत अशी शिवी दिली की स्मृती लाल झाली.

माझ्या डोक्यात तेच फिरतंय. मी आयुष्यात किती खुर्च्यांवरून उठून निघून गेले. कुणालाही न विचारता. फुकटात!

२३ ऑगस्ट

वजन उचलायला स्मृतीनं पाण्याच्या बाटल्या सांगितल्या. अक्कांना त्या आवडल्या नाहीत. "बाटली उचलून ठेवायची, उचलून ठेवायची — हे काय काम आहे?" म्हणून कापडी पिशवीत कांदे भरलेत. कांदे उचलायचे, ठेवायचे, आणि मग त्यातलेच चिरायचे. उद्या नवे. स्मृतीला फोनवर सांगितलं तर हसत सुटली.

जेवण झालं की अंगणात चालायचं. चालल्यानं जेवणानंतरची साखर खाली येते हे यंत्रावर बघितलं तेव्हा अक्कांनी यंत्रच हलवून पाहिलं. बिघडलंय का म्हणून!

२७ ऑगस्ट

गणपती. श्रीहरीअण्णा आणि अनुषाताई आले. ताई गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन आल्या आणि इथे सोफ्यावरही लॅपटॉप मांडीवरच. कुठल्या तरी अमेरिकेच्या लोकांशी बोलत होत्या. जेवणाचं ताटही तिथेच मागितलं, एका हातानं जेवल्या. तरी लक्ष सगळं अक्कांकडे! अक्का ताट ठेवायला उठायला लागल्या की ताई कानातलं न काढता माझ्यावर ओरडायच्या — "लीला! अक्कांना बसव!"

अक्का बसल्या. माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

ताई चांगल्या आहेत. जाताना माझ्यासाठी ड्रेस आणला होता तो दिला. माझा रंग त्यांना कसा कळला कोण जाणे.

६ सप्टेंबर

आज लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

दुपारी दही आणायला गेले. कोपऱ्यावरून गणपती विसर्जनाला निघाला होता, तमटे वाजत होते — तो ठेका! मी थोडं मागे गेले. मग अजून थोडं. फोन घरी. पार तळ्यापर्यंत गेले.

परत आले तेव्हा दार सताड उघडं आणि आत जमिनीवर अक्का, भिंतीला टेकून. घामानं भिजलेल्या, हात कापत होते, मला ओळखलं की नाही कळेना. कौशल्याबाई चमच्यानं गूळपाणी पाजत होत्या.

जेवणाआधीची गोळी घेतली होती. आणि जेवल्या नव्हत्या. का? तर मी यायची होते म्हणून! घरातलं माणूस बाहेर असताना आपण एकटं जेवायचं नाही, अशी यांच्याकडे रीत. ताटं दोन वाढून ठेवलेली. स्वतः उठून वाढलेली.

साखर एकदम उतरली होती. थोड्या वेळानं सावरल्या. मला बघून पहिलं काय म्हणाल्या — "दही?"

दही मी कुठे तरी विसरले होते.

७ सप्टेंबर

श्रीहरीअण्णा सकाळीच आले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. "शिवलीला, तुझी बॅग भर. अम्माला मी आजच नेतो. दसऱ्यापर्यंत थांबत नाही."

बॅग भरायची नव्हतीच, महिनाभर भरलेलीच होती. उचलली.

तर अक्का कॉटवरून उठल्या. धरायला कुणी नाही, भिंत लांब. उठून मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या — हे मी शब्दाला शब्द लिहितेय — "श्रीहरी, हिची चूक मोठी आहे. माझीही आहे, गोळी घेतल्यावर वाट बघत बसायचं नसतं, हे आता कळलं. पण एक सांग. तुझ्या बायकोनं मला काही करू दिलं नाही. प्रेमानं! एवढ्या प्रेमानं केलं की माझे पाय गेले. आणि ही? ही दूध विसरते, मीठ विसरते, पाणी विसरते. म्हणून मला उठावं लागतं. ही विसरली म्हणून मी आज तुझ्यासमोर उभी आहे. बघ, कुणी धरलंय?"

मला हसावं की लाज वाटून घ्यावी कळेना. माझ्यातल्या ज्या गोष्टीसाठी आईनं मला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्यासाठी कुणी माझ्या बाजूनं उभं राहिलंय. तेही अशा पायांवर.

अण्णांनी खुर्ची ओढली. तिच्यात स्वतःच बसले. "दसऱ्यापर्यंत," म्हणाले. "पण फोन हिच्या गळ्यात बांध."

९ सप्टेंबर

डॉक्टरांनी गोळी कमी केली! अक्का आता हलतात, जेवतात, म्हणून जुना डोस जास्त होत होता. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी कुणी विचारलं तरी कुठे होतं.

नवा कायदा — गोळी घेतली की ताट. कुणी येवो न येवो. अक्कांना रीत मोडायला जड गेलं. म्हणून आता मीच वेळेवर येते. आयुष्यात पहिल्यांदा कुठे तरी वेळेवर येतेय.

१५ सप्टेंबर

बॅग उघडली. कपडे कपाटात.

२१ सप्टेंबर

अक्का हात न लावता खुर्चीतून उठल्या! एकदाच. मग परत बसल्या आणि परत नाही जमलं. पण एकदा उठल्या! मी नाचले. पोपट उडाले. कौशल्याबाई धावत आल्या, त्यांना वाटलं परत काही झालं.

स्मृतीला फोन लावला. म्हणाली, अक्कांनीच केलं. मला ही मुलगी फार आवडते. एवढं जाणते, पण आपलं घोडं कधी पुढे दामटत नाही.

२६ सप्टेंबर

आता जमिनीवर बसायचा हट्ट. खंडेनवमीला अक्का दरवर्षी परसातल्या मुसळाची पूजा करतात — पाटावर बसून. घरच्या पुरुषांची तलवार असेल, यांचं हत्यार ते. स्मृती म्हणाली, खुर्चीवर बसून करा. अक्का म्हणाल्या, "मुसळ खाली आणि मी वर? कुणाची पूजा मग ही?"

तर स्मृतीनं उठायची रीत शिकवली. आधी कुशीला वळायचं, मग चार पायांवर जनावरासारखं, मग एक पाऊल पुढे, गुडघ्यावर हात आणि वर. अक्का रोज करतात. चार पायांवर आल्या की मला हंबरून दाखवतात.

कमजोर दिवसही असतात. काल उठता आलं नाही आणि पाटावर तशाच बसून राहिल्या, बराच वेळ. मी हात दिला, घेतला नाही. मी शेजारी जाऊन बसले. दोघी जमिनीवर. "व्हाइटफील्डच्या त्या पलंगाला म्हणे बटण आहे," त्या म्हणाल्या. "दाबलं की पाठ आपोआप वर येते." मग वळल्या कुशीला.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. यार्डात हमालांनी ट्रकांना झेंडू बांधलेत, हातगाड्यांना, तराजूंनासुद्धा. रस्ताभर फोडलेले कोहळे. मी आज कुठेही भरकटले नाही — हे लिहून ठेवते.

अण्णा आणि ताई आले. ताईंनी येताना उंच खुर्ची आणली होती, हाताची, पूजेसाठी. अक्कांनी तिच्यावर हळदकुंकवाचं तबक ठेवलं आणि पाटावर बसल्या.

पूजा झाली. मुसळाला कुंकू, फूल, उदबत्ती. मग सगळे थांबले. ताई पुढे आल्या हात द्यायला, अण्णांनी त्यांचा हात धरला.

अक्का कुशीला वळल्या. मग चार पायांवर. मुलासमोर, सुनेसमोर, सोवळ्यातलं लुगडं नेसून, सत्तरी ओलांडलेली बाई — कुठेही लाज नाही. पाऊल पुढे घेतलं. गुडघ्यावर हात. मध्ये एकदा थांबल्या, पाय कापत होता, मला वाटलं गेलं. आणि मग उभ्या!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णा डोळे पुसत परसात गेले, तिथून फोनवर बोललेलं ऐकू आलं. कानडीत. कांदेवाल्याला सांगत होते, दुसरी जागा बघा, इथे माणूस राहतं.

अनुषाताई त्या उंच खुर्चीत बसून हुंदके देत होत्या. "अक्का, मी तुमचं वाईट केलं का हो?" अक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू केलंस ते सगळं मायेनं केलंस, अनू. मायेत सुद्धा थोडी कंजुषी पाहिजे. बेसन लाडू घे."

आज मी कुणाकुणाची आभारी आहे! स्मृतीची. कौशल्याबाईंच्या गूळपाण्याची. त्या जळालेल्या दुधाची. आईची — तिला फोन केला, भांडण न होता ठेवला. तिलाही विचारलं, हात न लावता खुर्चीतून उठतेस का? म्हणाली, "मला बसायला कुठे वेळ आहे!"

४ ऑक्टोबर

अक्का परसात उखळाजवळ. थोड्याच मिरच्या, सावकाश. सगळ्या गल्लीत ठसका.

१२ ऑक्टोबर

सकाळी अनुषाताईंचा फोन. अण्णांना नाही, थेट अक्कांना. ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. साखर. बरीच. वय बेचाळीस. रडत होत्या, मला पलीकडून ऐकू येत होतं — जिने चढताना कधीपासून मांड्या भरून येतात, वाटलं थकवा आहे.

अक्का म्हणाल्या, "रडू नको. आधी त्या खुर्चीतून ऊठ. मी येते."

मेट्रोनं गेल्या. व्हाइटफील्डला, चौदाव्या मजल्यावर — आपण होऊन! पिशवीत चार लुगडी आणि कांदे. घराची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या!

"पण अक्का, परत कधी येणार?"

"ती खाली बसून आपली आपण उठायला लागली की."